अनेसिमाची केस: नवा माणूस जुन्या घरी परत जातो तेव्हा

आमच्या संगतीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीत, काही महिन्यांपूर्वी एक भाऊ परत आला. बऱ्याच वर्षांपूर्वी तो निघून गेला होता आणि जाताना बरंच काही मोडून गेला होता, पैशाचाही विषय होता, त्याच्या खोलात मी इथं जात नाही. मधल्या काळात दुसऱ्या ठिकाणी त्याचं आयुष्य खरंच बदललं, तिथल्या मंडळीनं तसं कळवलंही होतं. त्या दिवशी तो साक्ष द्यायला उभा राहिला आणि "मी ख्रिस्तात नवी उत्पत्ती आहे" असं म्हणाला, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मी? मी दानाच्या पेटीकडे बघितलं. नकळत बघितलं, पण बघितलं. हे लिहायला जड जातंय, तरी जे झालं तेच लिहितोय.

त्या रात्री घरी आल्यावर झोप लागेना म्हणून बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढून बसलो. पौलाच्या पत्रांमधलं सगळ्यात छोटं, एकच अध्याय, 25 वचनं, मूळ ग्रीकमध्ये जेमतेम 335 शब्द, म्हणजे आपण मोबाइलवर कुणाला लांबलचक मेसेज टाकतो साधारण तेवढंच. नवी ओळख, नवा मनुष्य, जुनं होऊन गेलं हे सगळं पौलानं इतर पत्रांत शिकवलंय, आपण ते पाठही केलंय. पण तीच शिकवण एका खऱ्या घरात, खऱ्या माणसांवर, पैशाचं नुकसान झालेलं असताना लावायची वेळ आली तेव्हा काय काय करावं लागलं, ते ह्या पत्राइतकं उघडं मला दुसरीकडे कुठं सापडत नाही. म्हणून ही केस मी नीट, सावकाश मांडतोय, जरा लांबेल.

माणसं आणि प्रसंग

फिलेमोन कलस्सैचा. कलस्सै म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या लायकस नदीच्या खोऱ्यातलं गाव, लावदिकीया आणि हेरापली ही शहरं जवळच, आणि सगळा पट्टा लोकरीच्या धंद्यासाठी ओळखला जाणारा. फिलेमोनाची परिस्थिती चांगली असणार, कारण मंडळी त्याच्या घरात जमायची, पाहुण्यासाठी वेगळी खोली निघत होती आणि घरात गुलाम होता. पौलामुळेच तो विश्वासात आलेला, पौल त्याला तशी आठवणही करून देतो. पत्राच्या सुरुवातीला त्याच्यासोबत अप्फिया आणि अर्खिप्प ह्यांची नावं आहेत, अप्फिया बहुतेक त्याची बायको, आणि त्यांच्यानंतर "तुझ्या घरात जमणारी मंडळी" असाही उल्लेख आहे. हा उल्लेख लक्षात ठेवा.

अनेसिम हा त्या घरचा गुलाम. अनेसिम ह्या नावाचा अर्थ "उपयोगी", आणि गुलामांमध्ये हे नाव सर्रास असायचं. बाळाला आईबाप आवडीनं नाव ठेवतात त्यातलं हे नाव नव्हे, एखाद्या वस्तूवर ती कशासाठी आहे ते लिहून ठेवावं त्यातलं आहे. रोमन कायद्यात गुलाम ही मालकाची मालमत्ता, आणि कायद्यापुढे त्याला बाप नसायचा. रक्ताचा बाप असेल, पण कायद्याच्या लेखी नाही.

पौल कैदेत आहे. परंपरेनं ही कैद रोममधली, साधारण इ.स. 60 ते 62 च्या सुमाराची मानतात, काही अभ्यासक म्हणतात की ती इफिसमधली, त्याच्या काही वर्षं आधीची. रोम धरलं तर अनेसिम घरापासून हजार किलोमीटरच्याही पुढं गेला होता, इफिस धरलं तर काही दिवसांच्या पायपिटीवर. त्यानं केसमध्ये फार फरक पडत नाही. तो पळून गेला असं आपण नेहमी म्हणतो पण पत्रात तो शब्दच नाही. पत्रात एवढंच आहे की तो घरापासून "दूर झाला" आणि "त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल तर". काहींचं म्हणणं असंही आहे की मालकाशी बिनसल्यावर मध्यस्थी करायला मालकाच्या मित्राकडे जाण्याची तेव्हा वाट होती आणि तो मुद्दामच पौलाकडे गेला. कसाही गेला असो, तिथं कैदेत पौलाच्या संगतीत तो ख्रिस्ताकडे वळला आणि पौलाच्या हाताखाली कामाला लागला. पौलाला तो ठेवून घ्यायचा होता. तरी त्यानं त्याला परत पाठवलं, हातात हे पत्र देऊन.

इथं जरा थांबून त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याला नवी ओळख मिळाली ती परक्या ठिकाणी, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. ती घेऊन आता त्याला अशा दारात जाऊन उभं राहायचंय जिथं प्रत्येकाला त्याचं जुनं सगळं पाठ आहे.

एका माणसाची दोन वर्णनं

इजिप्तमधून एक जुना पपायरसचा कागद मिळालाय, पौलाच्याही आधीचा, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियातून पळालेल्या एका गुलामाला शोधण्यासाठी काढलेली ती जाहीर नोटीस आहे. पोराचं नाव हर्मोन, वय अठराच्या आसपास, जन्मानं सीरियाकडचा. मध्यम उंची, दाढी नाही, पाय सरळ, हनुवटीला खळी, नाकाच्या डाव्या बाजूला तीळ, तोंडाच्या डाव्या कोपऱ्याच्या वर व्रण, उजव्या मनगटावर परक्या लिपीतली दोन अक्षरं गोंदलेली. पुढे त्यानं काय काय नेलं त्याची यादी, सोन्याची नाणी, मोती, आणि शेवटी आणून देणाऱ्याला बक्षीस किती. बस. एक अख्खा माणूस, आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. रोममध्ये नंतरच्या काळातले लोखंडी गळपट्टेही सापडलेत, एकावर कोरलंय की मी पळालोय, मला धरा, माझ्या मालकाकडे परत नेलंत तर एक सोन्याचं नाणं मिळेल. "मी" हा शब्द त्या माणसाच्या गळ्यात बांधलेला, पण बोलणारा मालक.

आता पौल अनेसिमाचं वर्णन कसं करतो ते बघा. उंची नाही, रंग नाही, तीळ नाही, खूण नाही. "माझं लेकरू, ज्याला मी बेड्यांत असताना जन्म दिला." म्हणजे ज्याला कायद्यानं बाप नव्हता त्याला इथं बाप मिळालाय, आणि तोही लेखी. पुढच्या एका ओळीत तो म्हणतो, तो म्हणजे माझं काळीज, तेच मी तुझ्याकडे पाठवतोय. मूळ शब्द काळजापुरता नाही, पोटातल्या सगळ्या आतड्या-काळजाला मिळून तो शब्द आहे, आणि मला वाटतं आपल्या भाषेत तो जितका सहज कळतो तितका फार थोड्या भाषांत कळत असेल, कारण आपणही आतड्याची माया म्हणतो, पोरासाठी आतडं तुटतं म्हणतो. हा शब्द ह्या छोट्याशा पत्रात तीनदा आलाय. आधी, तू पवित्र जनांच्या काळजाला विसावा दिलास म्हणून फिलेमोनाचं कौतुक. मग, अनेसिम म्हणजे माझं काळीज. आणि शेवटाकडे, माझ्याही काळजाला विसावा दे. तीन ठिकाणं एकापुढं एक ठेवा, फिलेमोनाला दुसरीकडे जायला वाटच राहत नाही.

नावावरचा खेळही आहे आणि तो प्रेमाचा आहे. पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुलाही आणि मलाही उपयोगी आहे. त्यात वापरलेला "उपयोगी" हा ग्रीक शब्द तेव्हा "ख्रिस्त" ह्या शब्दाच्या अगदी जवळचा ऐकू यायचा. त्यामुळे मोठ्यानं वाचलं की ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ पडत असणार: ख्रिस्ताशिवाय होता, आता ख्रिस्ताचा झाला. मालकानं ठेवलेलं नाव पौल बदलत नाही. तेच नाव आतून नवं करून परत देतो.

ह्याच काळात जरा नंतर, 40-50 वर्षांनी, रोमन लेखक धाकटा प्लिनी ह्यानं आपल्या एका मित्राला असंच पत्र लिहिलं होतं, मित्राच्या मुक्त केलेल्या गुलामावर मित्र चिडला होता म्हणून. पत्र सहृदय आहे, मला आवडतं. पण त्यात काय आहे? तो माझ्या पाया पडला, खूप रडला, त्याला पश्चात्ताप झालाय, मीही त्याला सज्जड दम दिलाय, आता तू राग सोड. म्हणजे माफी मिळणार ती रडण्याच्या बदल्यात, आणि माणूस आपल्या जागी, पायाशीच. पौलाच्या पत्रात अनेसिम किती रडला ह्याबद्दल एक शब्द नाही. त्याला पश्चात्ताप झाला नसेल असं नाही, तसं असतं तर तो परतच आला नसता. पण पौल त्याच्या अश्रूंवर अर्जच करत नाहीये. "आता तो गुलाम म्हणून नको, गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून", आणि लगेच पुढे, "देहानंही आणि प्रभूमध्येही". हे शेवटचे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. प्रार्थनेच्या वेळी भाऊ आणि जेवायच्या वेळी पुन्हा गुलाम, असली सोय पौल ठेवत नाही.

आणि सगळ्यात मोठं वाक्य: तू मला भागीदार मानत असशील तर मला स्वीकारशील तसं त्याला स्वीकार. रोमकरांस पत्रात "ख्रिस्तानं तुम्हाला स्वीकारलं तसं एकमेकांना स्वीकारा" असं जिथं म्हटलंय तिथंही हेच क्रियापद आहे. म्हणजे दारात अनेसिम उभा आहे पण फिलेमोनानं बघायचं पौलाला, आणि पौलाच्याही मागे आणखी एकाला.

त्याच दिवशी वाचलेलं दुसरं पत्र

ह्या केसचा सगळ्यात हलवून टाकणारा भाग मला कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी सापडला, आणि इतकी वर्षं वाचूनही मी तो जोडला नव्हता. चौथ्या अध्यायात पौल लिहितो की तुखिक (पौलाचा सहकारी) तुम्हाला इकडची सगळी खबर देईल, आणि त्याच्याबरोबर विश्वासू व प्रिय बंधू अनेसिम येतोय, "जो तुमच्यातलाच आहे". (कलस्सैकरांस पत्र पौलाचंच का ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, मी ते पौलाचं धरून चाललोय.) म्हणजे दोन्ही पत्रं एकाच फेरीत आली. आता डोळ्यापुढे आणा: घर फिलेमोनाचं, किंवा तिथून जवळच कुणाचं, माणसं दाटीनं बसलेली, तुखिक उभा राहून मोठ्यानं वाचतोय, आणि शेजारी तो माणूस उभा आहे ज्याच्याबद्दल गावात बोलून बोलून झालंय.

आणि वाचलं काय जातंय तर, तुम्ही जुन्या मनुष्याला त्याच्या कृतींसकट काढून टाकलंय आणि नव्या मनुष्याला परिधान केलंय, आणि ह्या नवेपणात ग्रीक आणि यहूदी नाही, सुंता झालेला न झालेला नाही, बर्बर नाही, स्कुथी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, ख्रिस्त सर्व काही आणि सर्वांत आहे. "दास नाही" हा शब्द उच्चारला गेला तेव्हा त्या खोलीतले सगळे डोळे कुठं वळले असतील? आपण हे वचन शिकवताना तत्त्व म्हणून शिकवतो. त्या खोलीत ते तत्त्व पायात धूळ घेऊन उभं होतं.

ह्या वचनात क्रियापदांचे काळ नीट बघण्यासारखे आहेत. काढून टाकलं, परिधान केलं, हे झालेलं आहे, एकदाच. पण त्यापुढे "जो नवा होत जात आहे" असं येतं, ते चालू आहे, आणि ते करणारा देव आहे. म्हणजे ओळख पहिल्या दिवशी पूर्ण मिळते आणि नवेपणा रोज थोडा थोडा आत मुरत जातो. आपला घोटाळा इथंच होतो. कुणाचा स्वभाव अजून पूर्ण बदलला नाही म्हणून आपण त्याची ओळखच नाकारतो, किंवा उलट, ओळख मिळाली ना मग आता स्वभावाचं काही करायचं उरलं नाही असं समजतो. अनेसिम प्रिय बंधू झाला तो बाकीचं सगळं सुधारून झाल्यावर नाही. पण तो परत गेला, पायांनी चालत, नुकसान जिथं केलं त्याच घरी. ओळख आधी मिळाली, चालणं त्यातून निघालं.

हिशेब कुणाच्या नावावर

आमच्या संगतीत ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं तो हा भाग. नवी उत्पत्ती झाली म्हणजे जुनं देणं संपलं का?

पौल देणं पुसत नाही. "त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड." मांड हा शब्द मुळातही हिशेबाच्या वहीतलाच आहे. आणि मग तो लिहिणाऱ्याच्या हातातून लेखणी घेतो: "मी पौल हे स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन." ही सरळ सरळ प्रॉमिसरी नोट आहे, सहीसकट. एक म्हातारा कैदी, ज्याच्याकडे त्या क्षणी बेड्यांशिवाय फारसं काही नसेल, तो दुसऱ्याच्या कर्जाला स्वतःचा हात देतोय. आणि शेजारच्या पत्रात, कलस्सैकरांस दुसऱ्या अध्यायात, आपल्याविरुद्धचा कर्जाचा लेख ख्रिस्तानं खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळला असं आहे. त्या लेखासाठी वापरलेला ग्रीक शब्दही हातानं लिहिलेल्या कर्जाच्या कागदाचाच. त्या सभेत बसलेल्यांनी एकाच दिवशी दोन कागदांबद्दल ऐकलं असणार, एक खोडलेला, एक नव्यानं लिहिलेला, आणि नव्यावर गुन्हेगाराची सही नाही.

मला वाटतं नव्या ओळखीच्या बाबतीत आपण इथं फार कमी पडतो. "देवानं क्षमा केली, विसरून जा" असं आपण नुकसान झालेल्याला सांगतो आणि मोकळे होतो. फिलेमोनाचं नुकसान खरं होतं. पौलानं त्याला खोटं म्हटलं नाही, लहानही म्हटलं नाही, त्याची किंमत कुणीतरी द्यायची होती ती स्वतःकडे घेतली. आणि त्याच दमात त्यानं फिलेमोनाला हेही आठवून दिलं की तू स्वतः, तू पूर्णच, माझं देणं लागतोस. म्हणजे वहीत बघायचंच असेल तर दोन्ही पानं बघ.

अडचणीचे प्रश्न

हे पत्र वाचून ज्यांना राग येतो त्यांचा राग मी समजू शकतो. पळालेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नको, असं जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय आणि पौलाला ते ठाऊक नसेल हे शक्यच नाही. मग त्यानं परत का पाठवलं? त्याला मुक्त कर असं सरळ का नाही लिहिलं? आणि हे नुसते पुस्तकी प्रश्न नाहीत. अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूच्या लोकांनी हेच पत्र पुढे करून पळालेल्या गुलामांना परत पाठवणं बायबलला धरून आहे असं सांगितलं, 1850 च्या फरारी गुलामांच्या कायद्याच्या वेळीही ते चाललं. त्याच शतकात जॉर्जियातल्या एका गोऱ्या पाळकानं गुलामांपुढे ह्या पत्रावर उपदेश केला, पळून जाणं पाप आहे म्हणाला, तर अर्धी सभा उठून निघून गेली, आणि उरलेल्यांपैकी काही म्हणाले की असलं पत्र बायबलमध्ये नाहीच. त्यानं स्वतःच ते लिहून ठेवलंय. मला वाटतं उठून गेलेल्यांना त्या पाळकापेक्षा हे पत्र जास्त कळलं होतं, कारण त्यानं जे सांगितलं ते खरोखरच ह्या पत्रात नाही. "तो पुन्हा तुझा गुलाम होईल" असं पौल कुठंही म्हणत नाही, "गुलाम म्हणून नको" असं म्हणतो.

तरी प्रश्न उरतो आणि मी तो ओढूनताणून सोडवणार नाही. एवढं मात्र नोंदवतो की कायद्यानं मुक्त केलेला गुलामसुद्धा रोमन व्यवस्थेत जुन्या मालकाला बांधलेला राहायचा, मान द्यायचा, सेवा द्यायची. पौल जे मागतो ते त्याच्या पुढचं आहे. भावाला विकता येत नाही, भावाच्या मनगटावर गोंदता येत नाही. आणि तो हुकूम करत नाही, हुकूम करता आला असता असं म्हणूनही करत नाही, कारण त्याला फिलेमोनाची सही नको आहे, फिलेमोन हवा आहे. तुझा चांगुलपणा जबरदस्तीनं नको, आपखुशीनं असावा, असं तो लिहितो. ह्याची जोखीम अनेसिमाच्या डोक्यावर होती हे खरं, आणि ते मला आजही टोचतं. पण पौलानं त्याला एकटं सोडलं नव्हतं. तुखिक बरोबर होता. पत्र फक्त फिलेमोनाला नव्हतं, घरातल्या सगळ्या मंडळीच्या नावानं होतं, म्हणजे फिलेमोनाला ते एकट्यानं वाचून खिशात घालता येणार नव्हतं. एखाद्याची नवी ओळख जपायची तर साक्षीदार लागतात हे पौलाला पक्कं माहीत होतं.

नवं व्हायचं होतं ते दोघांना

आपण ही केस नेहमी अनेसिमाच्या बदलाची म्हणून सांगतो. मी पण तसंच सांगत आलो. पण पत्र परत परत वाचल्यावर लक्षात येतं की अनेसिम बदलून झालाय, पत्र त्याला लिहिलेलंच नाही. पत्र फिलेमोनाला आहे. प्रार्थना करणारा, पवित्र जनांवर प्रेम करणारा, घर उघडं ठेवणारा, चांगला माणूस, आणि आता नवं व्हायची पाळी त्याची आहे. "कोणी ख्रिस्ताच्या ठायी असेल तर तो नवी उत्पत्ती आहे" हे वचन आपण भिंतीवर लावतो, पण त्याच्या आधीचं वचन कुणी लावत नाही, तिथं पौल म्हणतो की ह्यापुढे आम्ही कोणालाही देहदृष्टीनं ओळखत नाही. नवी उत्पत्ती आधी बघणाऱ्याच्या नजरेत सांगितलीय, मग समोरच्या माणसात. मी दानाच्या पेटीकडे बघितलं तेव्हा त्या भावाचं नवेपण कमी पडलं नव्हतं.

पत्राच्या शेवटी सलाम सांगणाऱ्यांत मार्कचं नाव आहे. हाच मार्क एकदा अर्ध्या वाटेत सोडून गेला होता आणि त्याच्यावरून पौल आणि त्याचा साथीदार बर्णबा वेगळे झाले होते, त्या वेळी त्याला परत घ्यायला तयार नसलेला माणूस होता पौल. म्हणजे फिलेमोनाला जे मागितलं जातंय ते मागणाऱ्यानं आधी स्वतः केलंय. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्कबद्दल शब्द येतो तो हाच, "उपयोगी", अनेसिमासाठी वापरलेला अगदी तोच ग्रीक शब्द. आणि सलाम सांगणाऱ्यांच्या त्याच ओळीत देमासही आहे, जो नंतर जगाच्या प्रेमापायी सोडून गेला. पत्र लिहिताना दोघं एकाच खोलीत होते.

फिलेमोनानं काय केलं ते कुठंच लिहिलेलं नाही. पण हे पत्र टिकलं. ज्याला ते नको होतं त्यानं ते जपून ठेवून प्रती काढू दिल्या नसत्या. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, इ.स. 110 च्या आसपास, अंत्युखियाच्या मंडळीचा अध्यक्ष इग्नाती विश्वासापायी रोमला मरायला नेला जात असताना इफिसच्या मंडळीला पत्र लिहितो, आणि तिथल्या अध्यक्षाचं नाव आहे अनेसिम. नाव सर्रास होतं, तेव्हा हा तोच असं मी म्हणत नाही. पण इग्नातीनं त्या पत्रात नावावरचा तोच खेळ केलाय जो पौलानं विसाव्या वचनात केला, "तुझ्यापासून मला लाभ होवो".

आमच्या त्या भावाचं काय झालं, तर गेल्या महिन्यात आम्ही सगळे बसलो, तो पण होता, ज्यांचं नुकसान झालं होतं ते पण होते. रक्कम पहिल्यांदा मोठ्यानं बोलली गेली. त्यानं हप्त्यानं फेडायचं कबूल केलं आणि मागच्या रांगेतल्या त्या दोघांपैकी एकानं अर्धी रक्कम स्वतःकडे घेतली, का घेतली ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. सगळं सुरळीत झालंय असं नाही. एक कुटुंब अजून त्याच्याशी बोलत नाही आणि त्यांना बोला म्हणायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही.

पत्राच्या शेवटी एक साधी ओळ आहे जी मी नेहमी घाईत वाचून पुढे जायचो. पौल म्हणतो, आणखी एक, माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव, तुमच्या प्रार्थनांनी मी तुमच्याकडे येईन अशी आशा आहे. म्हणजे तो येऊन बघणार होता. आणि मला राहून राहून वाटतं, त्या घरात पाहुण्याची खोली झाडायची, अंथरूण घालायचं, पाय धुवायला पाणी ठेवायचं हे काम आधी कुणाचं असायचं? अनेसिमाचंच असणार. पत्र वाचून झालं, माणसं पांगली, फिलेमोन आणि अनेसिम घरात दोघंच राहिले, आणि खोली तयार करायची होती.